पैसा त्यांचा, आवाज कुणाचा?

हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेश-अर्जात १९२२ च्या सुमारास एक नवा प्रश्न आला. जन्मानंतर तुमच्या किंवा तुमच्या वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का? झाला असल्यास सविस्तर सांगा. त्याच अर्जात वंश, धर्म, आईचं माहेरचं आडनाव आणि वडिलांचं जन्मस्थानही विचारलेलं होतं. हे सगळं कशासाठी, ते अर्ज भरणाऱ्याला न सांगता समजत होतं. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू स्थलांतरितांची मुलं तोवर अभ्यासाच्या जोरावर हार्वर्डपर्यंत पोहोचली होती. पाच विद्यार्थ्यांत एक ज्यू होता. अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांना हे प्रमाण खुपत होतं. ज्यूंच्या संख्येवर उघड मर्यादा घालायचा त्यांचा प्रस्ताव प्राध्यापकांनी फेटाळला, पण अर्जातले प्रश्न राहिले, 'चारित्र्य' नावाचा निकष आला आणि काही वर्षांत जे उघडपणे करता आलं नव्हतं ते आडमार्गानं साधलं गेलं. इतर नामांकित विद्यापीठांनीही हाच कित्ता गिरवला. जे आत शिरले त्यांना तिथल्या क्लबांची दारं बंद होती, म्हणून ज्यू मुलांनी स्वतःच्या विद्यार्थी-संघटना काढल्या. न्यूयॉर्क विद्यापीठात १९१३ मध्ये सुरू झालेली 'अल्फा एप्सिलॉन पाय' ही त्यातलीच एक, ती आजही चालू आहे.

पुढच्या शंभर वर्षांत अमेरिकेतल्या ज्यू धनिकांनी विद्यापीठांतल्या मुलांसाठी एवढा पैसा का ओतला, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या अपमानापासून करावी लागते. आज त्या पैशाकडे लोक इस्रायलविषयीच्या आपापल्या मतातून पाहतात. कुणाला त्यात बलाढ्य लॉबी दिसते, कुणाला एका लहान समाजाची स्वतःला सांभाळण्याची धडपड. दोघांच्याही हाती पुरावे आहेत. मला मात्र या इतिहासात दुसराच एक प्रश्न पुन्हा पुन्हा महत्त्वाचा वाटत आला आहे: देणाऱ्यानं विद्यार्थ्याला काय दिलं, आणि बदल्यात त्याच्याकडून काय मागितलं?

सुरुवातीला फारसं काही मागितलं गेलं नव्हतं. इलिनॉय विद्यापीठात एडवर्ड चॉन्सी बाल्डविन नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते, स्वतः ख्रिस्ती. बायबलचं साहित्य शिकवताना त्यांच्या लक्षात आलं, की वर्गातल्या ज्यू मुलांना त्यांच्याच ग्रंथांची फारशी ओळख नाही. त्यांनी हा विषय ज्यू धर्मगुरूंच्या कानावर घातला. त्यातून १९२३ मध्ये बेंजामिन फ्रँकल या तरुण रब्बायनं विद्यापीठाच्या परिसरात ज्यू विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र काढलं आणि त्याला हिलेल या प्राचीन ज्ञानी पुरुषाचं नाव दिलं. पैसा 'ब्नाय ब्रिथ' या १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या बंधुसंघटनेनं पुरवला. हा पैसा काही एका धनाढ्याचा नव्हता; गावोगावच्या शाखांतल्या सामान्य सभासदांच्या वर्गणीतून तो जमत होता. फ्रँकल १९२७ मध्ये अवघ्या तिशीत वारले. त्यांच्यामागे काम सांभाळलेले इतिहासकार एब्राम साकर पुढे १९४८ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. इतरांच्या दारात कोटा-पद्धत सोसलेल्या समाजानं सर्वांना खुलं असलेलं विद्यापीठच उभं करून दाखवलं. देणगीचा याहून देखणा उपयोग मला तरी चटकन आठवत नाही.

हिलेलच्या केंद्रात शुक्रवारी संध्याकाळी काय घडतं, ते थोडं जवळून पाहू. सूर्यास्ताच्या आधी मेणबत्त्या लावल्या जातात. लांबलचक टेबलांवर वेणीसारखा गुंफलेला 'हाल्ला' पाव कापडाखाली झाकून ठेवलेला असतो. कुणीतरी द्राक्षरसाचा किंवा वाइनचा पेला उचलून 'किद्दुश' ही प्रार्थना म्हणतं, पाव मोडून वाटला जातो आणि मग शबातचं, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, जेवण सुरू होतं. परीक्षेच्या गप्पा, कुणाचं प्रेमप्रकरण, घरची आठवण. पैसे बहुधा द्यावे लागत नाहीत. भिंतीवर एखादी पितळी पाटी असते, तिच्यावर देणगीदार दांपत्याचं नाव, पण जेवणाऱ्या मुलांपैकी किती जण ती वाचत असतील याची मला शंका आहे. छबाद या धर्मनिष्ठ हसिदी पंथाची विद्यापीठांतली घरंही अशीच चालतात. त्यातलं पहिलं १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाजवळ उघडलं. मुंबईकरांना छबाद हे नाव २००८ च्या हल्ल्यात लक्ष्य झालेल्या नरिमन हाउसमुळे फार दुःखद रीतीनं परिचित आहे. त्या घरात रब्बाय गॅव्हरिएल आणि रिव्हका होल्ट्झबर्ग हे दांपत्य वाटसरूंना जसं जेवू घालत होतं, तसंच काम छबादची शेकडो दांपत्यं अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या दारात करतात. त्यांच्या पाठीशी रोहर कुटुंबासारखे मोठे दाते आहेत.

या जेवणातून 'नेतृत्व' कसं घडतं, हा रास्त प्रश्न आहे. आधी जेवायला आलेला मुलगा पुढच्या सत्रात भाजी चिरायला मदत करतो, त्यापुढच्या सत्रात पन्नास जणांच्या जेवणाचा हिशेब सांभाळतो, आणि बघता बघता विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांशी परीक्षेच्या तारखा सणाच्या दिवशी येऊ नयेत यासाठी वाद घालायला तोच जातो. त्याला कुणी भाषणाची टिपणं दिलेली नसतात.

साठच्या दशकातलं एक उदाहरण तर असं आहे, की तिथे पैसा जवळजवळ नव्हताच. १९६४ च्या एप्रिलमध्ये जेकब बर्नबॉम यांनी कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांची सभा घेतली. सोव्हिएत संघातल्या ज्यूंना धर्म पाळता येत नाही आणि देशही सोडता येत नाही, याबद्दल आवाज उठवायचा होता. लगेच १ मे रोजी सुमारे हजार विद्यार्थी न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत शिष्टमंडळाच्या कचेरीसमोर उभे राहिले. प्रस्थापित ज्यू संस्था त्या वेळी बिचकत होत्या. रस्त्यावर उतरल्यानं मॉस्को चिडेल, अशी त्यांची समजूत होती. पोरांनी ती जुमानली नाही. १९८७ च्या डिसेंबरमध्ये, सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह अमेरिकेच्या भेटीला येणार त्याच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये याच मागणीसाठी सुमारे अडीच लाख लोक जमले. एका खोलीतल्या सभेपासून तिथवरचा हा प्रवास ज्यू समाजातल्या प्रत्येक मोठ्या दात्यानं अभ्यासावा असा आहे, कारण यातले पुढारी कुठल्याही शिष्यवृत्तीतून निघालेले नव्हते.

पण विद्यार्थ्यांना पैसा नकोच होता, असं मात्र नाही. १९६९ च्या नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला ज्यू फेडरेशनांची वार्षिक सभा भरली. फेडरेशन म्हणजे शहरातल्या ज्यू समाजाची एकत्रित वर्गणी गोळा करून ती वाटणारी संस्था. इस्पितळं, वृद्धाश्रम, इस्रायलला मदत, असा सगळा कारभार तिच्याकडे. त्या सभेत विद्यार्थी आणि तरुण अध्यापक शिरले, निदर्शनं केली, आणि हिलेल लेव्हाइन या तरुण रब्बायनं व्यासपीठावरून भाषण केलं. तुमच्या अंदाजपत्रकात ज्यू शिक्षण आणि विद्यापीठातली मुलं यांना जागा कुठे आहे, असा त्यांचा रोख होता. पैसा कुठे जावा हे ठरवण्यात त्यांना वाटा हवा होता. माझ्या मते शंभर वर्षांच्या या कथेतला हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. दात्याला काय हवं हे विचारायच्या ऐवजी, ज्याच्या नावानं पैसा गोळा होतो तोच उभा राहून हिशेब मागत होता.

दात्यांची झोप खऱ्या अर्थानं उडाली ती मात्र १९९० मध्ये. त्या वर्षीच्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या पाहणीतून एक आकडा बाहेर पडला: अलीकडे लग्न झालेल्या ज्यूंपैकी ५२ टक्क्यांनी ज्यू नसलेला जोडीदार निवडला होता. मोजणीच्या पद्धतीवर तज्ज्ञांत वाद झाले, आकडा पुढे खालीही आणला गेला, पण तोवर तो प्रत्येक सभेत पोहोचला होता. आता धोका बाहेरच्या द्वेषाचा नव्हता. अमेरिकेनं ज्यूंना इतकं आपलंसं केलं होतं, की नातवंडं ज्यू राहतील की नाही हीच चिंता उभी राहिली. 'सातत्य' हा त्या दशकातला परवलीचा शब्द झाला. हिलेलची सूत्रं तोवर रिचर्ड जोएल यांच्याकडे आली होती; आता ही संस्था ब्नाय ब्रिथपासून वेगळी झाली आणि सामान्य सभासदांच्या वर्गणीच्या जागी एडगर ब्रॉन्फमन, चार्ल्स व लिन शुस्टरमन यांच्यासारख्या मोठ्या दात्यांचा आधार आला. शुस्टरमन कुटुंब ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातलं, तेल आणि वायूच्या धंद्यातलं. वॉशिंग्टनमधल्या हिलेलच्या मुख्यालयावर त्यांचंच नाव आहे.

याच चिंतेतून 'बर्थराइट इस्रायल' जन्माला आलं. कल्पना इस्रायली राजकारणी योसी बेलिन यांची. ती उचलली चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या दोन धनिकांनी. १८ ते २६ वयाच्या कुठल्याही ज्यू तरुणाला इस्रायलची दहा दिवसांची सहल फुकट. पहिले गट १९९९ च्या डिसेंबरमध्ये निघाले. खर्च खासगी दाते, इस्रायल सरकार आणि ज्यू समाजसंस्था यांनी मिळून उचलायचा अशी योजना होती. एका बसमध्ये साधारण चाळीस मुलं, आणि काही दिवस त्यांच्याबरोबर त्यांच्याच वयाचे इस्रायली, बहुतेक जण सैन्यातले. पश्चिमी भिंत, याद वाशेम हे नरसंहाराचं स्मारक, मसादाचा डोंगरी किल्ला, मृत समुद्र, वाळवंटात बेदुइन तंबूत मुक्काम. आजवर आठ लाखांहून अधिक तरुण या सहलीला जाऊन आले आहेत. ब्रँडाइस विद्यापीठातले संशोधक लिओनार्ड सॅक्स यांनी वर्षानुवर्षं या मुलांचा मागोवा घेतला. सहलीला जाऊन आलेल्यांना इस्रायल अधिक जवळचा वाटतो आणि ते ज्यू जोडीदार निवडण्याची शक्यता अधिक असते, हा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे दात्यांनी ज्यासाठी पैसा घातला ते बऱ्याच अंशी साधलं.

इथे एक बारकावा आहे. सहल फुकट होती आणि परतल्यावर काही करायचं बंधन नव्हतं. हे मला या योजनेचं सर्वांत शहाणपणाचं अंग वाटतं. तिची उणीवही तितकीच ठळक आहे: त्या दहा दिवसांच्या वेळापत्रकात पॅलेस्टिनी माणूस जवळजवळ भेटतच नव्हता. २०१८ च्या जूनमध्ये एका गटातल्या पाच तरुणी सहल सोडून हेब्रॉनला गेल्या. इस्रायलच्या ताब्यातल्या प्रदेशातलं जीवन पाहायचं होतं, म्हणाल्या. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. दुसऱ्याच्या पैशानं जाऊन त्याच्याच तोंडावर थुंकल्या, इथपर्यंत लोक बोलले. मला हा आरोप पटत नाही. फुकट दिलेल्या सहलीत प्रश्न विचारायची मुभा नसेल, तर ती फुकट राहत नाही. तिची किंमत फक्त वेगळ्या नाण्यात मोजली जाते.

एकविसाव्या शतकाच्या तोंडावर पैशाचा प्रवाह दुसरीकडे वळला. २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, भडकला, २००१ मध्ये डर्बनला वंशवादविरोधी परिषदेत इस्रायलवर टीकेचा भडिमार झाला, विद्यापीठांत इस्रायलविरोधी निदर्शनं वाढली आणि २००५ मध्ये पॅलेस्टिनी संघटनांनी इस्रायलवर बहिष्काराची हाक दिली. आता दात्यांना ज्यू असलेला विद्यार्थी पुरेसा वाटेना. इस्रायलची बाजू मांडणारा विद्यार्थी हवा होता. लॉस एंजेलिसमध्ये २००१ साली 'स्टँडविथअस' निघाली. २००२ मध्ये शुस्टरमन फाउंडेशन आणि हिलेल यांनी मिळून विद्यापीठांतल्या इस्रायल-समर्थक संस्थांची एक आघाडी उभी केली. 'हसबारा', म्हणजे इस्रायलची बाजू जगाला समजावून सांगणं, हे नावच घेतलेली शिष्यवृत्ती आली. आयपॅक ही वॉशिंग्टनमधली जुनी लॉबी. तिच्या विद्यार्थी-प्रशिक्षण शिबिराला हाइम सबान यांचं नाव आहे. सबान अलेक्झांड्रियात जन्मले, इस्रायलमध्ये वाढले आणि 'पॉवर रेंजर्स' या मुलांच्या मालिकेतून अमेरिकेत अब्जाधीश झाले. आयपॅकची एक खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. ती फक्त ज्यू मुलं शोधत नाही. विद्यार्थी-संघाचे निवडून आलेले अध्यक्ष, कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांतले पुढारी, ख्रिस्ती महाविद्यालयांतले कार्यकर्ते, असे उद्या राजकारणात शिरू शकतील असे तरुण ती आजच हेरते.

अशा शिष्यवृत्तीचा साचा साधारण ठरलेला असतो. वर्षभरासाठी विद्यार्थी निवडला जातो, त्याला मानधन मिळतं, उन्हाळ्यात प्रशिक्षण आणि बहुधा इस्रायलचा दौरा. परतल्यावर सत्रात ठरावीक कार्यक्रम घ्यायचे, हजेरी मोजायची, अहवाल पाठवायचा. दाता कित्येकदा जोडदेणगीची अट घालतो: तुम्ही जितके उभे कराल तितके मी घालीन. त्यानं संस्थेला हातपाय हलवावे लागतात. कराचा हिशेबही महत्त्वाचा. अमेरिकेत शैक्षणिक आणि धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते, राजकीय लॉबीला दिलेल्या पैशावर मिळत नाही. म्हणून आयपॅकची एक वेगळी शैक्षणिक संस्था आहे आणि दौऱ्यांचा खर्च ती उचलते. कुटुंबांच्या फाउंडेशनांना आपण कुणाला किती दिलं ते दरवर्षी जाहीर करावं लागतं. पण मध्यस्थ निधीमार्फत दिलं तर दात्याचं नाव झाकलेलं राहू शकतं.

हे झाकलेपण कुठवर जाऊ शकतं, ते २०१८ मध्ये दिसलं. 'कॅनरी मिशन' नावाची निनावी यंत्रणा पॅलेस्टिनींची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं, छायाचित्रं आणि जुनी विधानं गोळा करून चव्हाट्यावर मांडत होती. हेतू असा, की पुढे त्यांना नोकरी मिळणं अवघड व्हावं. ती चालवतं कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. 'फॉरवर्ड' या जुन्या ज्यू वृत्तपत्रानं करविषयक कागदपत्रांतून शोधून काढलं, की सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यू फेडरेशनशी संलग्न असलेल्या एका कुटुंब-फाउंडेशनकडून या कामासाठी एक लाख डॉलर गेले होते. फेडरेशननं पुन्हा असं होणार नाही, असं जाहीर केलं. या काळ्या यादीचा निषेध करणाऱ्यांत ज्यू विद्यार्थीही होते, हे विसरता कामा नये. त्यांच्या रक्षणासाठी म्हणून जे चाललं होतं, तेच त्यांना वर्गमित्रांसमोर मान खाली घालायला लावत होतं. विशीतल्या मुलामुलींची नावं अशी टांगणं मला कुठल्याही ध्येयासाठी समर्थनीय वाटत नाही.

तरीही दात्यांची भीती निराधार होती, असं म्हणणाऱ्यांनी २०१५ च्या फेब्रुवारीतली यूसीएलएच्या विद्यार्थी-परिषदेची बैठक आठवावी. दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी परिषदेच्या न्याय-मंडळावर नेमणुकीसाठी मुलाखतीला आली होती. पात्रतेबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण एका सदस्यानं तिला विचारलं, तू ज्यू आहेस आणि ज्यू समाजात सक्रिय आहेस, मग तू निःपक्षपाती कशी राहशील? तिला बाहेर पाठवून परिषदेनं सुमारे चाळीस मिनिटं यावर खल केला. मतदान झालं, चार विरुद्ध चार. शेवटी बैठकीला हजर असलेल्या सल्लागारानं लक्षात आणून दिलं, की ज्यू संघटनेची सभासद असणं हा काही हितसंबंधांचा संघर्ष नव्हे. मग पुन्हा मतदान झालं आणि ती एकमतानं निवडली गेली. विरोधात मत दिलेल्यांनी नंतर माफी मागितली. ही मुलं दुष्ट नव्हती. त्या परिषदेत काही महिने इस्रायलमधली गुंतवणूक काढून घेण्याच्या ठरावावरून रणकंदन झालं होतं आणि त्या धगीत समोरची मुलगी त्यांना इस्रायलची प्रतिनिधी वाटू लागली होती.

हा प्रसंग मला दोन कारणांसाठी मोलाचा वाटतो. हार्वर्डच्या जुन्या अर्जातला प्रश्नच इथे नव्या वेषात आला होता, हे पहिलं. दुसरं असं, की ज्यू विद्यार्थी आणि इस्रायल सरकार यांच्यातली रेघ पुसली गेली की नुकसान विद्यार्थ्याचंच होतं. द्वेष करणारे ती रेघ पुसतातच. पण 'ज्यू विद्यार्थी-नेतृत्व' आणि 'इस्रायलची वकिली' यांना एकाच शिष्यवृत्तीत, एकाच अंदाजपत्रकात बांधणारे दातेही नकळत तेच करतात.

हिलेलच्या आत हा ताण २०१० नंतर उघड झाला. त्या वर्षी मुख्यालयानं नियम केला, की इस्रायलचं ज्यू राष्ट्र म्हणून अस्तित्व नाकारणाऱ्या किंवा बहिष्काराचा पुरस्कार करणाऱ्या वक्त्यांना आणि गटांना हिलेलच्या छताखाली जागा मिळणार नाही. मुख्यालयाची बाजू अगदीच पोकळ नव्हती; ज्या घराच्या पायात समाजाचा पैसा आहे त्यानं समाजाच्या मूळ श्रद्धेला धरून राहावं, एवढंच ते म्हणत होते. पण हार्वर्डमधून २०१२ मध्ये 'ओपन हिलेल' ही चळवळ सुरू झाली. २०१३ च्या डिसेंबरमध्ये स्वार्थमोर महाविद्यालयातल्या हिलेलनं हे नियम आपण मानत नसल्याचा ठराव केला. मुख्यालयानं नावावर हरकत घेतली आणि २०१५ मध्ये त्या मुलांनी हिलेल हे नाव सोडून 'केहिला', म्हणजे समुदाय, असं नाव घेतलं. नेतृत्व घडवायला पैसा दिला होता, आणि ते घडलंही. फक्त त्याची दिशा देणाऱ्याला हवी ती नव्हती.

दानाची ही गत ज्यू समाजाला नवी नाही, आणि मराठी वाचकाला तिचं उदाहरण माझगावात सापडेल. बेने इस्रायल समाजातले हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. तिथे मराठी आणि हिब्रू दोन्ही शिकवली जात. पुढे एली कदुरी या बगदादी ज्यू धनिकाची मोठी देणगी मिळाली आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. १९४८ नंतर बेने इस्रायल कुटुंबं मोठ्या संख्येनं इस्रायलला गेली. आज सर एली कदुरी शाळेतली बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. देणाऱ्याच्या मनात हे नव्हतं, तरी शाळा चालू आहे आणि मुलं शिकताहेत. त्या देणगीचं काही वाया गेलं असं मला वाटत नाही.

मोठ्या दात्यावर विसंबण्याची दुसरी जोखीम बर्थराइटला भोगावी लागली. लास व्हेगासचे जुगारगृह-सम्राट शेल्डन एडलसन आणि त्यांच्या पत्नी मिरियम २००७ पासून या योजनेचे सर्वांत मोठे पोशिंदे होते. त्यांनी ४० कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. शेल्डन २०२१ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी कुटुंबानं हात आखडता घ्यायला सुरुवात केली. महागाईही वाढली होती. सहलींची संख्या बरीच कापावी लागली.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर गाझावर चालून गेलेल्या इस्रायली सैन्याच्या कारवाईत पन्नास हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मेले. अमेरिकेतली विद्यापीठं पेटली. हल्ल्याचं खापर इस्रायलवरच फोडणारी पत्रकं आली, ज्यू विद्यार्थ्यांना धमक्या आल्या, आणि पॅलेस्टिनी व मुसलमान विद्यार्थ्यांनाही. या वेळी दाते विद्यार्थ्यांमागे न थांबता थेट पुढे आले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला देणगी बंद करा, असं आवाहन अर्थव्यवसायातले मार्क रोवन यांनी केलं. कोलंबियाचे माजी विद्यार्थी आणि फुटबॉल संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी एप्रिल २०२४ मध्ये विद्यापीठाची मदत थांबवली. त्यांच्या नावानं तिथे उभं असलेलं ज्यू विद्यार्थी-केंद्र मात्र मुलांचा आधार राहावं, अशी आशा व्यक्त केली. वेक्सनर फाउंडेशननं हार्वर्डशी तीन दशकांहून जुने संबंध तोडले. विद्यापीठांतल्या ज्यूद्वेषाविषयी संसदेत झालेल्या सुनावणीनंतर पेनसिल्व्हेनियाच्या अध्यक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पायउतार झाल्या, हार्वर्डच्या जानेवारी २०२४ मध्ये.

एप्रिल २०२४ मध्ये कोलंबियाच्या हिरवळीवर तंबू ठोकून बसलेल्यांत ज्यू विद्यार्थीही होते. पासओव्हर या सणाच्या पहिल्या रात्री त्यांनी तिथेच जमिनीवर बसून 'सेडर'चं जेवण केलं. आणि त्याच परिसरात असेही ज्यू विद्यार्थी होते, की ज्यांना वर्गात जाताना शिव्या ऐकाव्या लागल्या आणि जे सण घरी जाऊन साजरा करण्याच्या विचारात होते. दोन्ही ज्यू समाजाचीच मुलं. दोघांपैकी एकालाच 'आपला' म्हणणाऱ्या देणगीदाराला आपल्या समाजाचा निम्मा भाग दिसलेलाच नाही.

अलीकडे आणखी एक वळण आलं आहे. पैसा आता वकिलांकडे जातो. विद्यापीठानं ज्यू विद्यार्थ्यांचा छळ रोखला नाही, म्हणून नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाखाली तक्रारी आणि दावे दाखल होतात. त्यात न्यायमूर्ती लुइस ब्रँडाइस यांच्या नावानं चालणारं कायदा-केंद्र आघाडीवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये हार्वर्डनं अशा दोन दाव्यांत तडजोड केली. ज्याचा खरोखर छळ झाला, त्याला न्याय मिळायलाच हवा. शंभर वर्षांपूर्वी तो मागायची सोय नव्हती. पण दावा लढवायला पुढारी लागत नाही, फिर्यादी पुरतो.

पुढारी घडवायचा तर पैसा कुठे घालावा, याची चांगली उदाहरणं याच इतिहासात आहेत. एडगर ब्रॉन्फमन यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या शिष्यवृत्तीत दरवर्षी उत्तर अमेरिकेतली सव्वीस शाळकरी मुलं निवडली जातात. कट्टर धर्मनिष्ठ घरातली आणि देव न मानणाऱ्या घरातली शेजारी बसून जुने ग्रंथ वाचतात आणि भांडतात. निष्कर्ष आधी ठरलेला नसतो. शुस्टरमन कुटुंबानं ब्रँडाइसमध्ये इस्रायलच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं. तिथे इस्रायल हा घोषणा देण्याचा विषय राहत नाही, वाचण्याचा आणि तपासण्याचा होतो. हिलेलनं काही विद्यार्थ्यांना मानधन देऊन एवढंच काम सोपवलं होतं, की हिलेलच्या दाराशी कधी न फिरकणाऱ्या सुमारे साठ ज्यू मुलांशी प्रत्येकानं ओळख वाढवायची, कॉफी प्यायची, ऐकायचं. या तिन्ही ठिकाणी पैसा भरपूर लागला, आणि वर्षाअखेरीस दात्याला दाखवायला एकही मोर्चा नव्हता की सभागृहातला जिंकलेला ठराव नव्हता. अशा कामाला पुढच्या वर्षी पुन्हा धनादेश लिहायला छाती लागते, आणि ती दाखवणारे दाते आहेत.